फ्लेक्सच्या सावलीत

दसरा उलटला की आमच्या बीडमधले चौक दोन गोष्टींनी भरतात. वर फ्लेक्स आणि खाली ट्रॉल्या. फ्लेक्सवर कुणाचा तरी वाढदिवस असतो नाहीतर कुणाची तरी निवड झालेली असते. मध्ये एक मोठा चेहरा आणि त्याच्या भोवती 'शुभेच्छुक' म्हणून पासपोर्ट फोटोएवढे चाळीस-पन्नास चेहरे. खाली ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीत अख्खं घर: पत्र्याची पेटी, हंडा-कळशी, तवा, गोधड्यांचं गाठोडं, दोरीला बांधलेली शेळी, डालग्याखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर, सगळ्यात हवेशीर जागी, पोरं. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. मुकादम कुठेतरी फोनवर असतो, ड्रायव्हर डिझेलला गेलेला असतो, आणि तासभर तो चौक त्या बिऱ्हाडांचा होतो. बायका दुभाजकावर बसतात. कुणी भाकरीचं फडकं सोडतं. रसवंतीवाला कळशी भरून देतो. वाहतुकीचा शिपाई शिट्टी मारतो, पण फार मनापासून नाही.

दुभाजक काही बसण्यासाठी बांधलेला नसतो. नकाशात तो वाहनं वेगळी करणारी एक रेघ असतो. त्या रेघेवर बाई बसली, तिने पोराला मांडीवर घेतलं, की तासापुरता तो ओटा होतो.

फ्लेक्सचंही तेच. वाढदिवस होऊन गेला की दोन-चार दिवसांत तो चौकटीवरून उतरतो आणि रस्त्याच्या मालकीचा होतो. भाजीच्या हातगाडीवर तो सावलीला येतो, टपरीच्या मागे आडोशाला लागतो, आणि ट्रॉलीत घडी होऊन बसला तर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीवर जातो. सांगलीकडच्या एखाद्या उसाच्या फडाशेजारी बीडच्या पुढाऱ्याचा चेहरा उलटा होऊन, दंव झेलत, कुणाच्या तरी झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर पसरलेला असतो. आमच्याकडे सार्वजनिक जागी सगळ्यात जास्त लागणारं छायाचित्र म्हणजे फ्लेक्स. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग त्याखाली झोपणाऱ्याने शोधून काढला, असं मला वाटतं.

आपल्याकडे रस्त्याचा फोटो काढायचा तर रस्त्यावर काहीतरी घडावं लागतं: अपघात, मोर्चा, मिरवणूक, दगडफेक. एरवी फोटो म्हणजे स्टुडिओतला. बागेचा पडदा, मखमली खुर्ची, हनुवटी जरा वर. रस्त्यावर काहीच घडत नसताना जे चाललेलं असतं, म्हणजे कोण कुठे बसलंय, कुणी कुठली सावली धरलीय, कोण कुणाला सरकून जागा देतंय, ते टिपण्याची सवय जिल्ह्याच्या गावाला नसते. ही सवय लावून घेतलेल्या एका संस्थेची वाटचाल इथे मांडायची आहे. गंमत म्हणजे ती संस्था स्वतःला रस्त्याची किंवा शहराची म्हणवतच नाही. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' हे तिचं नाव. तोंडात बसलेलं नाव 'पारी'. ग्रामीण भारताचं लोकदफ्तर, असा पूर्ण नावाचा शब्दशः अर्थ. पण तिची छायाचित्रं उलटत गेलं की बाजार, बसस्थानक, रेल्वेचा फलाट, रस्त्याची कड, मोर्चाची वाट हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. मराठी कानाला त्या नावात 'पार' ऐकू येतो. वडाखालचा, गाव बसतं तो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात तो नसेलही. मला मात्र तो अर्थ सोडवत नाही.

आमच्या भागाला कॅमेरा नवा नव्हता. बीड निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. राजवाडे, शिकारी, लवाजमे असं पुष्कळ काही त्यांच्या भिंगातून गेलं. औरंगाबाद भागातल्या दुष्काळी कामांचा एक अल्बमही त्यांच्या स्टुडिओने केला. पण तो कॅमेरा वरून खाली बघणारा होता. काम निजामाचं, आणि ते दाखवायचंही निजामाच्या वतीने. दुष्काळात खडी फोडणारा माणूस त्यात आला तो सरकारच्या दयेचा पुरावा म्हणून.

पारीची वाटचाल संस्थेच्या जन्माआधी वीसेक वर्षं सुरू होते. पी. साईनाथ 'ब्लिट्झ' साप्ताहिकातली उपसंपादकी सोडून १९९३ मध्ये एका पाठ्यवृत्तीवर देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरायला निघाले. त्या भटकंतीतून १९९६ मध्ये आलेलं पुस्तक मराठी वाचकाला 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने ठाऊक आहे. लेखनाचा गाजावाजा झाला, पुढे २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. मात्र त्याच फिरतीत खांद्याला एक कॅमेरा होता, आणि फिल्मवर काढलेले फोटो साठत चालले होते. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेल्या त्या फोटोंमधून एक प्रदर्शन उभं राहिलं: 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन'. काम दिसतं, बाई दिसत नाही. विटा वाहणाऱ्या, कोळसा वेचणाऱ्या, वाकून लावणी करणाऱ्या, डोक्यावर ओझं घेऊन बाजाराला निघालेल्या, झाडू मारणाऱ्या बाया.

संस्थेच्या कुळकथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती या प्रदर्शनाची जागा. चित्रांचं प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थंड हवेचं दालन, पांढरी भिंत आणि कुजबुजणारी माणसं येतात. हे प्रदर्शन बसस्थानकांत लागलं, रेल्वे स्थानकांत लागलं, कारखान्यांच्या दारात लागलं, शेतमजुरांच्या मेळाव्यांत आणि शाळा-कॉलेजांत लागलं. २००२ पासून एकट्या भारतात सात लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं, असं पारीने नोंदवून ठेवलं आहे. आकडा मोठा आहेच, पण ते कुठल्या लोकांनी पाहिलं हे त्याहून महत्त्वाचं. दालनात जाणारा माणूस चित्र बघायला जातो. स्टँडवरचा माणूस गाडीची वाट बघत असतो आणि मध्येच त्याला भिंतीवर त्याची आई दिसते.

एसटी स्टँड म्हणजे काय, हे मराठवाड्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. कागदावर ती बसगाड्या लागण्याची जागा. प्रत्यक्षात तिथे कोर्टाच्या तारखेला आलेला म्हातारा जेवतो. सरकारी दवाखान्यात कुणाला तरी भरती केलेल्या माणसांचा मुक्काम तिथेच पडतो. कॉलेजची पोरं फलाटाच्या टोकाला उभी राहून जो वेळ काढतात तो कुठल्याच वेळापत्रकात नसतो. सोयरीक तिथे जमते, मोडते. ओट्याची फरशी जिथे जास्त गुळगुळीत झालीय तिथे माणसं जास्त बसतात, हे बघायला कुठल्या सर्वेक्षणाची गरज नाही, नीट काढलेला एक फोटो पुरे. मी एकदा मोबाइलवर तसा फोटो काढायला गेलो. फलाटावर बोचक्याला टेकून बसलेल्या मावशींनी आधी पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "फोटू काढून काय करता, दादा? गाडी कव्हा लागंल त्ये सांगा." मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. फोटो मात्र आहे. त्यात मावशींच्या मागे भिंतीवर 'येथे बसू नये' असं लिहिलेलं आहे, ते मला घरी आल्यावर दिसलं.

असे फोटो ठरवून, सरकारी खर्चाने काढायचा सगळ्यात मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३०च्या दशकातल्या मंदीत तिथल्या सरकारने रॉय स्ट्रायकर नावाच्या माणसाच्या हाताखाली छायाचित्रकारांची एक तुकडी देशभर पाठवली. डोरोथिया लँगचा १९३६ मधला 'मायग्रंट मदर' हा फोटो त्यातलाच: कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावरची एक आई, दोन्ही खांद्यांना बिलगलेली लेकरं. मागचं तंबूचं कापड बघा आणि आमच्या कोपीचा फ्लेक्स आठवा. पण मला स्ट्रायकरची आठवण येते ती वेगळ्या कारणाने. रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञाशी गप्पा मारून त्याने आपल्या छायाचित्रकारांसाठी प्रश्नांची यादी केली होती. काय टिपा, कुठे बघा, याची. गावात माणसं कुठे भेटतात? श्रीमंत कुठे, गरीब कुठे? आणि बायकांना भेटायला पुरुषांएवढ्या जागा आहेत का? शेवटचा प्रश्न घेऊन बीडच्या कुठल्याही चौकात उभं राहावं. चहाची टपरी, पानाचा ठेला, सलून, पारावरची बैठक, पुतळ्याचा कठडा, मोंढ्यातल्या आडतीची गादी, या सगळ्या पुरुषांच्या. मग बायका कुठे भेटतात? नळावर, दवाखान्यात, देवळात, आणि स्टँडवर. स्टँडवरही हातात पिशवी हवी, म्हणजे प्रवासाला निघाल्याचा पुरावा हवा.

२० डिसेंबर २०१४ ला पारी इंटरनेटवर सुरू झाली. संस्था चालवते काउंटरमीडिया नावाचा न्यास, मुंबईहून. जाहिराती घ्यायच्या नाहीत, वाचण्यासाठी पैसे आकारायचे नाहीत, मजकूर आणि चित्रं श्रेय देऊन कुणालाही वापरता यावीत, अशी घडी पहिल्यापासून ठेवली. स्वयंसेवकांच्या आणि देणग्यांच्या बळावर पसारा उभा राहिला, आणि डझनाहून जास्त भारतीय भाषांत मजकूर येऊ लागला, मराठी त्यात आलीच. भाषेचा हा उद्योग वरवर छायाचित्रांशी संबंध नसलेला वाटतो. तसा तो नाही. फोटोखालची ओळ ज्याच्या भाषेत आहे, फोटो त्याचा होतो. 'एक महिला कामगार' असं इंग्रजीत लिहून मोकळं होता येतं. मराठीत लिहायचं तर ही खुरपायला निघालीय की वेचणीला, मोळी बांधतेय की वाढं, हे ठरवावं लागतं. पारीच्या ओळींत बहुतेक वेळा माणसाचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांना नाव आणि पद असतं, त्याखाली बसलेल्यांना नसतं, ही आमच्या चौकाची रीत; ती इथे उलटी केली आहे.

याच विचारातून 'फेसेस' हा उपक्रम आला. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातले निदान तीन चेहरे जमवायचे: एक बाई, एक पुरुष, एक लहान मूल. कल्पना साधी, जवळजवळ भाबडी. चेहऱ्यांचा नकाशा काढून काय होणार, असं मलाही आधी वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर पारीच्या सगळ्या कामांत मला हे कमी भावतं. चेहरा जवळून घेतला की भोवतालची जागा कापली जाते. माणूस राहतो, त्याने धरलेली सावली जाते. स्टुडिओच्या पडद्यापेक्षा ते बरं, एवढंच.

जात्यावरच्या ओव्यांचं मात्र वेगळं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जन्मभर जमवलेल्या लाखभर ओव्यांचा ठेवा पारीकडे आला, आणि त्यात १९९६ मध्ये आमच्या माजलगावात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या निघाल्या, भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या. वीस-एक वर्षांनी पारीची मंडळी कॅमेरा घेऊन पुन्हा माजलगावात गेली. इथे आवाज आणि चित्र एकत्र आलं की जागेचा अर्थ कसा उकलतो ते दिसतं. 'भीमनगर' हे नाव नगरपालिकेने वाटून दिलेलं नसतं. ते आधी माणसं बोलतात, गातात, कमानीवर रंगवतात, चौदा एप्रिलला निळ्या पताका लावून रस्ताभर मिरवतात, मग कधीतरी ते कागदावर चढतं. गावकुसाबाहेरची जागा शहराच्या मधोमध कशी आली याची गोष्ट ज्या कागदांत सापडणार नाही, ती ओवीत आणि पताकेच्या फोटोत सापडते.

ऊसतोडीवर पारीने बरंच काम केलं. पार्थ एम. एन. यांनी बीडच्या जोडप्यांबरोबर फडात जाऊन केलेलं वार्तांकन, ज्योती शिनोळी यांनी तोडणीला जाणाऱ्या बायांच्या आणि मुलींच्या आरोग्यावर, लग्नांवर लिहिलेलं. इथल्या बोलीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्याचा होतो. माणसं त्या शब्दाच्या आत कुठेतरी असतात. छायाचित्राला हा हिशोब जमत नाही. त्यात दोन माणसं दिसतातच. एक वाकून तोडतोय आणि दुसरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतेय, ती फळी किती अरुंद आहे तेही दिसतं.

आणि तळ दिसतो. कारखान्याच्या बाजूला पडलेलं कोप्यांचं गाव. मला या फोटोंत सगळ्यात जास्त वेळ बघायला आवडतं ते कोप्यांमधलं अंतर. नगररचनाकार नसतो, तरी गल्ली असते. एका गावच्या कोप्या एका अंगाला, भावकी शेजारी-शेजारी, बैलांची दावण वाऱ्याच्या खालच्या बाजूला, चूल दाराच्या उजवीकडे की डावीकडे हे शेजारणीच्या चुलीवरून ठरलेलं. दोन कोप्यांमध्ये तारेवर वाळत घातलेली लुगडी म्हणजे भिंत. अंगण सारवलेलं असतं. पाच महिन्यांसाठी, दुसऱ्याच्या जमिनीवर, पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या बाईने अंगण सारवलेलं असतं! न्हाणीला आडोसा नाही, संडास नाही, पाणी लांबून, हे त्याच फोटोत आहे. जागेला माणसं आकार देतात हे खरं. पण आकार द्यायला त्यांच्या हातात काय काय नव्हतं, हेही चित्रात येतं, आणि ते नजरेआड करून कोपीचं कौतुक करणं हा चावटपणा होईल.

पारीच्या वाटचालीतला शहराशी सगळ्यात थेट सामना झाला तो मार्च २०१८ मध्ये. ६ मार्चला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागातले बहुतेक आदिवासी शेतकरी, वनजमिनीचे पट्टे मागणारे, डोक्यावर लाल टोप्या. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला ते मुंबईत सोमय्या मैदानावर पोचले. पारीचे पार्थ एम. एन. आणि श्रीरंग स्वर्गे त्यांच्याबरोबर चालत होते. मोर्चाच्या शेवटच्या दिवशी सगळीकडे फिरलेलं चित्र म्हणजे फोडांनी सोललेले तळपाय. ते चित्र मोठंच आहे, त्याने मुंबईला रडवलं आणि चपला वाटायला लावल्या. पण मला पारीच्या आधीच्या दिवसांतले फोटो जास्त बोलके वाटतात. महामार्गाच्या कडेने जाणारी रांग. उड्डाणपुलाच्या सावलीत पसरलेली दुपार. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेवर मांडलेल्या चुली, आधी टेम्पोने पुढे आलेला शिधा, ओळीने बसलेली गावं. महामार्ग चालण्यासाठी बांधलेला नव्हता. या माणसांनी चालून दाखवला.

आणि मग ती रात्र. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर रस्ते तुंबतील, पोरांची परीक्षा चुकेल, म्हणून दिवसभर चाललेली माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि अंधारात चालत पहाटे आझाद मैदानावर पोचली. शहराला रस्ता अडवून दाखवायची ताकद असताना रस्ता मोकळा ठेवून दाखवणं. रस्त्यावरचा हक्क सांगायची ही तऱ्हा कुठल्या घोषणेत मावत नाही. झोपलेल्या इमारती, रिकामा डांबरी रस्ता आणि दिव्यांच्या पिवळ्या उजेडात न बोलता पुढे सरकणारी माणसं, हेच त्या रात्रीचं चित्र.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत रामलीला मैदानावरून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा, पुढे २०२०च्या नोव्हेंबरपासून वर्षभर सिंघू आणि टिक्रीच्या वेशींवर उभी राहिलेली ट्रॉल्यांची वस्ती, हेही पारीने टिपलं. त्यावर बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला एवढंच नोंदवायचंय, की पंजाबच्या ट्रॉलीत जे घर होतं ते बीडच्या ट्रॉलीतल्या घरासारखंच रचलेलं होतं. ट्रॉलीला घर करणं ही कला दोन्हीकडे गरजेने शिकवलेली.

त्याआधी टाळेबंदी झाली होती. रस्ते रिकामे झाले आणि मग अचानक चालणाऱ्या माणसांनी भरले. ८ मे २०२० ला पहाटे जालन्याकडून औरंगाबादकडे रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रस्त्यावर पोलीस अडवत होते, म्हणून त्यांनी रूळ धरले होते. रुळांमध्ये विखुरलेल्या चपला आणि भाकऱ्या. त्या फोटोत माणूस नाही. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहू शकत नाही.

२०२२ मध्ये दयानिता सिंग यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पारीबरोबर दोन लाख रुपयांचा एक छायाचित्रण पुरस्कार सुरू केला. तो पहिल्या वर्षी एम. पलनी कुमार यांना मिळाला. तामिळनाडूतल्या मासे विकणाऱ्या आईचा हा मुलगा. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांचं चित्रण त्याने वर्षानुवर्षं केलं. त्याच्या कामातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पुरस्काराच्या पलीकडचा आहे. त्याने कोळी बायांना आणि सफाई कामगारांच्या मुलांना कॅमेरा शिकवला. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जग असंच वर्षानुवर्षं टिपलं, त्यातून आपल्याला रात्री तीनची मुंबई दिसली. पण बंदरावरची बाई स्वतः कॅमेरा धरते तेव्हा फोटोची उंची बदलते. खाली बसून मासे विकणारी बाई गिऱ्हाइकाचे पाय आणि पिशव्या बघते. उभा राहिलेला छायाचित्रकार तिचं डोकं आणि टोपली बघतो. जागा तीच, बाजार वेगळा.

आता माझं भांडण. पारी स्वतःला ग्रामीण म्हणवते आणि त्या शब्दामुळे बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई यांसारखी गावं मधल्यामध्ये लटकतात. खेड्याच्या मानाने ती शहरं आणि मुंबईच्या मानाने खेडी. बाजाराच्या दिवशी तालुक्याचं गाव कुणाचं असतं? भोवतालच्या पन्नास खेड्यांचं. सकाळी आलेली माणसं भाजीची पथारी कुठे लागणार, जीप कुठे उभी राहणार, कुठल्या दुकानाची पायरी बसायची आणि कुठली नाही, हे ठरवतात आणि संध्याकाळी निघून जातात. हे शहर खेड्यांनीच घडवलेलं आहे. पारीच्या शेकडो फोटोंत ते आहे, पण विषय म्हणून नाही. पाठीमागचा पडदा म्हणून. मोंढ्यातला हमाल दुष्काळाच्या बातमीत येतो. मोंढ्याची गोष्ट कुणी काढत नाही.

दुसरं भांडण स्ट्रायकरच्या प्रश्नावरून. साईनाथांच्या प्रदर्शनातल्या बाया सतत काहीतरी वाहत असतात. विषयच कामाचा, त्यामुळे ते रास्त. पण पुढच्या वर्षांतही मोकळ्या हातांची बाई फार थोड्या फोटोंत भेटते. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११च्या पुस्तकात हाच मुद्दा धरला होता: बाईला रस्त्यावर असायला कारण दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळता येत नाही. ते पुस्तक महानगराचं. आमच्याकडे कारण म्हणजे डोक्यावरची पाटी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि स्टँड बघता-बघता बदलले. बाया बाजाराला येतात, लेकीकडे जातात, आणि कधी कधी नुसत्याच येतात. दोघी-तिघी फलाटाच्या बाकावर भेळ खात बसलेल्या असतात, हातात पिशवी नसते, गाडी लागली तरी उठत नाहीत. हे कुणीतरी टिपायला हवं, आणि ते काम पारीचंच आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये, मुक्तिसंग्राम दिनाला, बीडला अखेर रेल्वे आली. चार दशकं मोर्चे आणि निवडणुका यांत धावलेली गाडी खरीच फलाटाला लागली. फलाट अजून कोरा आहे. कुठली फरशी गुळगुळीत होणार, पाणी कुणी भरणार, बोचकी कुठे टेकणार, हे ठरायचं आहे. कॅमेरा घेऊन उभं राहायला ही बरी वेळ आहे, कारण वर्ष-दोन वर्षांत ते ठरून जाईल आणि मग आपल्याला वाटेल की ते तसंच होतं.

मार्च-एप्रिलमध्ये ट्रॉल्या परत येतात. तोच चौक, तोच तास. पोरं काळवंडलेली, शेळीला आता करडू. गेल्या खेपेला एका ट्रॉलीतून बाई फ्लेक्सची घडी खाली उतरवत होती. पाच महिन्यांच्या धुराने चेहरा पुसट झालेला, डोळ्यांच्या जागी दोरी ओवायला पाडलेली दोन भोकं. तिने ती घडी दुभाजकावर अंथरली आणि पोराला वर झोपवलं. वरच्या चौकटीवर त्याच पुढाऱ्याचा नवा फ्लेक्स लागलेला होता, यंदाच्या वाढदिवसाचा.